यजमान शेवटच्या पंगतीला

अमृतराव पाटलांचं म्हणणं असं, की पाणी वरून खाली येतं. आता याला कुणी काय बोलावं? पाणी खालून वर जाताना आमच्या चिंचखेडात तरी कुणी पाहिलेलं नाही. त्यामुळे गावाला टँकर सुरू झाला आणि पाटलांनी तो वरच्या आळीत, आपल्या दारापुढच्या हौदात रिकामा करायचा ठरवला, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मी सिंधु, भीमनगरातल्या बालवाडीची बाई. पोरांना मीच शिकवते की पाणी उताराकडं धावतं. मग मी कोणत्या तोंडानं विरोध करणार?

हौद चांगला मोठा, सिमेंटचा. त्याच्या काठाला अगदी वर एक पाइप बसवलेला. हौद काठोकाठ भरला की जादा पाणी त्या पाइपातून मधल्या आळीत यायचं, तिथली टाकी भरली की पुढं ओढ्याकाठी आमच्या भीमनगरात, अशी योजना. उद्घाटनाला लातूरहून एक साहेब आले होते. लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार-पाच वर्षंच झाली होती. त्याआधी आम्ही उस्मानाबादचे. नव्या जिल्ह्यात ऑफिसं नवी, खुर्च्या नव्या, साहेबही नवेच. ते म्हणाले, "विकासाचं असंच असतं. आधी वरचा थर भरतो, मग तो आपोआप खाली झिरपतो. फक्त धीर धरायला हवा." आम्ही टाळ्या वाजवल्या आणि धीर धरला.

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. आमचा धीर चालू होता आणि हौद काही भरत नव्हता. भरेल कसा? टँकर रिकामा व्हायचा अवकाश, वरच्या आळीच्या बादल्या पडायच्या. त्या उरकल्या की पाटलांच्या म्हशी. म्हशी झाल्या की मोसंबीची झाडं, कारण ती म्हणे गावाची शान. शान जगली की मग जीप धुवायची, कारण धुळीनं भरलेली जीप घेऊन जिल्ह्याच्या गावी गेलं तर गावाचीच बदनामी. थोडक्यात, जे काही चाललं होतं ते सगळं गावासाठीच. पाणी मात्र पाइपाच्या तोंडापर्यंत एकदाही चढलं नाही. भीमनगरातल्या आमच्या नळात एका चिमणीनं घरटं केलं आणि निवांत अंडी घातली. चिमणीला जे कळलं ते साहेबाला कळलं नव्हतं.

आम्ही ओढ्याच्या वाळूत झिरे खोदायचो आणि वाटीवाटीनं घागर भरायचो. एक घागर भरायला एवढा वेळ लागायचा की बायकांची सगळी भांडणं तिथंच सुरू व्हायची आणि तिथंच मिटायची.

पाटील वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. वाईट असता तर काम सोपं झालं असतं. जिल्हा व्हावा म्हणून त्यानं मोर्चे काढले, घसा फोडून घोषणा दिल्या, आम्हीही त्याच्या मागं ओरडत गेलो. जिल्हा झाला तेव्हा भीमनगरात येऊन त्यानं पेढे वाटले. खाल्ले मात्र नाहीत, कारण त्या दिवशी त्याचा उपवास होता. चौदा एप्रिलला यायचा, बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायचा, चांगलं बोलायचा, आणि चहाचा कप पुढं केला की याचा उपवास. कुणाच्या घरी बारसं असलं, उपवास. दहावी पास झालेल्या पोराचा सत्कार असला, उपवास. एवढ्या उपवासांवर माणसानं खरं म्हणजे वाळून जायला हवं होतं. पाटील चांगला भरला होता. आमच्या हातचं पाणी त्या घरात चालत नाही हे कुणी कधी बोललं नाही, सगळ्यांना माहीत मात्र होतं.

आणि नव्या ऑफिसात बैठक झाली की साहेब विचारायचा, "चिंचखेडात पाण्याची काय परिस्थिती?" पाटील सरपंच म्हणून उभा राहायचा आणि सांगायचा, "तशी काही अडचण न्हाई, साहेब." यात खोटं काही नव्हतं. त्याच्या अंगणात उभं राहून पाहिलं तर खरंच अडचण नव्हती.

अशात कोंडामावशीच्या यशोधरेचं लग्न ठरलं.

कोंडामावशी माझी शेजारीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पदरात ही एकच पोर. रोजगार हमीवर खडी फोडून तिनं पोरीला दहावीपर्यंत नेलं. मुलगा नांदेडकडचा, उमरीचा. त्याचे वडील साहेबराव रेल्वेत गँगमन होते. माणूस सरळ, रुळासारखा. बोलणी करायला आले आणि सुरुवातीलाच म्हणाले, "हुंडा नको, सोनं नको, आंदण तर मुळीच नको. पर वऱ्हाडाला पाणी पायजे."

आम्ही एकमेकींकडं पाहिलं. एवढी वर्षं लग्नं पाहिली, कुणी पाण्यावर अडलेलं ऐकलं नव्हतं.

"हसू नका," साहेबराव म्हणाले. "पुतण्याच्या लग्नात पंगत बसली, भात वाढला, ठसका लागला तर गिलासभर पाणी न्हाई. अर्धं वऱ्हाड पत्रावळीवरून उठून फाट्यावरच्या हाटेलात गेलं. नवरदेव मंडपात आन् वऱ्हाड हाटेलात. आमची शोभा झाली." मग जरा थांबून मऊपणानं म्हणाले, "तुमच्याकडं जमत नसंल तर लगीन उमरीला करू. सगळा खर्च माझा. तुमी फकस्त पोरीला घेऊन या."

बोलणं इतकं भलेपणाचं होतं की रागावताही येईना. ते गेल्यावर मावशी म्हणाली, "माझी लेक माझ्या दारातून जायला पायजे, सिंधे. मी तिला दुसऱ्याच्या दारात न्हेऊन सोडू का, बाजारात शेळी सोडल्यावानी?" आणि ती रडली. खडी फोडताना अंगठा ठेचला तेव्हा न रडलेली बाई पदर तोंडात धरून रडली, आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, चल पाटलाकडं. वाटेत मी मनात भाषण तयार केलं. त्यात हौद होता, मोसंबी होती, जीप होती, आणि शेवटी एक असं वाक्य होतं की पाटलाची मान खाली गेलीच पाहिजे. पण ओसरीवर पोचलो आणि मी तोंड उघडायच्या आत कोंडामावशीच बोलली.

"पाटील, पोरीचं लगीन काढलंय. तिला बाप न्हाई. तुमी गावचे बाप. तर लग्नाचं यजमानपण तुमी घ्यावं, अशी माझी विनंती हाय."

पाण्याचा शब्द नाही. मी तिच्याकडं बघतच राहिले. पाटील सुपारी कातरत होता, त्याचा हात थांबला. जिल्हा नवा, जिल्हा परिषदेचं तिकीट अजून हातात यायचं होतं, आणि भीमनगरातल्या लग्नाचा यजमान म्हणजे केवढी मोठी गोष्ट! त्याच्या चेहऱ्यावर ते तिकीट आम्हाला स्पष्ट दिसलं.

"पत्रिकेत नाव टाकनार?" त्यानं विचारलं.

"सगळ्यात वर. मोठ्या अक्षरात."

"अमृतराव पाटील, सरपंच, असं सगळं?"

"सगळं."

"मंग घेतलं!" पाटलानं मांडीवर थाप मारली. "कोंडाबाई, पोरगी तुझी न्हाई, माझी. काय समजलीस? लातूरपर्यंत नाव व्हाया पायजे असं लगीन करू." आत दाराआड त्याची बायको पारूबाई उभी होती. तिनं कपाळाला हात लावला ते मी पाहिलं.

परत येताना मी मावशीवर चिडले. "पाणी मागायला गेलो होतो आपण! तू त्याला नाव देऊन आलीस फुकटात. माझं भाषण राहिलं ते वेगळंच."

"मागून मिळालं असतं तर आतापतुर मिळालं असतं," ती म्हणाली. "सिंधे, यजमान कवा जेवतो गं?"

"शेवटच्या पंगतीला."

"आन् पाणी कवा पितो?"

"पाहुणे उठल्यावर."

"मंग झालं," असं म्हणून ती झपाझप पुढं निघाली.

आमच्याकडं ही चाल कडक आहे, वरच्या आळीपासून खालच्यापर्यंत एकच. शेवटचा पाहुणा उठल्याशिवाय यजमानानं घास घ्यायचा नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. वरच्या आळीत एका घराला अजून 'आधी जेवले' म्हणतात. त्यांच्या आजोबांनी लेकीच्या लग्नात पहिल्या पंगतीआधी कोठीच्या खोलीत गुपचूप बुंदीचा एक लाडू खाल्ला होता. लाडू एकच, पण त्या घराच्या सोयरिकी आजही अडतात. वाण्याचं मोठं कर्ज फिटतं, पण असला लाडू फिटत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी साहेबराव उमरीच्या दोन-तीन वडीलधाऱ्यांना घेऊन पाहणीला आले. माणूस रुळाची तपासणी करणारा, तो लग्नाची तपासणी केल्याशिवाय कसा राहील? आम्ही त्यांना घेऊन चावडीपुढं उभे होतो. यजमान म्हणून पाटीलही हजर, डोक्याला नवा फेटा. तेवढ्यात टँकर आला. ताहेर चालवायचा तो. अहमदपूरचा, तीन पिढ्या ड्रायव्हरकीच्या. चावडीपाशी रस्ता दोन वाटांना फुटतो, एक चढाची आणि एक उताराची. तिथं त्यानं गाडी हळू केली आणि रोजच्यासारखं विचारलं.

"पाटीलसाब, पानी सोडू ना वर?"

"सोड की," पाटील सवयीनं म्हणाला.

कोंडामावशी पुढं झाली. आवाज अगदी गरीब. "सोडा, पाटील. पर हे उमरीचे पावणे हायेत. यजमानाच्या हौदात आधी पाणी पडलं, त्याच्या म्हशी आधी प्याल्या, आन् मंग पावण्याची पाळी आली, असं त्यांनी गावाकडं जाऊन सांगितलं तर? माझं जाऊ द्या. पत्रिकेत नाव तुमचं हाय."

ताहेरनं इंजिन बंद केलं. मजा बघायची तर आवाज नको. पाटलानं साहेबरावांकडं पाहिलं, साहेबराव आभाळाकडं पाहत होते. पाटलानं वर आपल्या वाटेकडं पाहिलं. तिथं कट्ट्यावर 'आधी जेवले' घरातला मन्मथ बसला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर आशा दिसत होती. गावात आणखी एक घर आपल्या पंगतीला येणार म्हणून असेल.

"खाली," पाटील म्हणाला.

"जी?"

"खाली सोड म्हणलं! कान गेले का तुझे?"

टँकर उताराला लागला. भीमनगरात टँकर येताना कुणी पाहिलाच नव्हता. पोरं पुढं धावली, म्हाताऱ्या काठ्या टेकत निघाल्या. ड्रम, रांजण, टोपली सोडून जे जे पोकळ होतं ते ते सगळं बाहेर आलं. माझ्या बालवाडीच्या पातेल्यातही पाणी भरलं. टँकरच्या नळीचं तोंड उघडलं आणि तो जाड, थंड, पांढरा लोट बाहेर आला तेव्हा मला खरंच गहिवरून आलं. उगाच खोटं कशाला बोलू? पाणी बघून रडू येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

वरच्या आळीला त्या दिवशी थेंब गेला नाही. संध्याकाळी पाटलांच्या वाड्याकडून पारूबाईंचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता. म्हशी ओरडत होत्या, पण पारूबाईंपुढं त्यांचं काही चालत नव्हतं. "यजमान झाले! घरात हात धुवायला पानी न्हाई आन् डोक्याला फेटा!" आम्ही तांदूळ निवडत होतो. कुणी हसलं नाही असं म्हणणार नाही.

तहान लागल्यावर विहीर खणणारी माणसं असतात. पाटलाला लातूर खणावं लागलं. उजाडायच्या आत त्यानं जीप काढली. पुढचं ताहेरनं आम्हाला सांगितलं, कारण तोही डिझेलच्या चिठ्ठीसाठी त्याच ऑफिसात उभा होता. साहेब नुकते येऊन खुर्चीत टेकले होते. पाटील आत घुसला आणि म्हणाला, चिंचखेडाला दुसरा टँकर पाहिजे, आज, आत्ता.

साहेब म्हणाले, "पण पाटील, तुमच्याकडे तर अडचण नाही ना? दर बैठकीत तुम्हीच सांगता."

"तवा मला तहान नव्हती!" पाटील ओरडला.

साहेबानं धीर धरायला सांगितलं. पाटील म्हणाला, धीरानं म्हशी दूध देत नाहीत. मग त्यानं मोर्च्यातला घसा काढला. याच खुर्चीसाठी आम्ही मोर्चे काढले, जिल्हा आणला, आणि आता खुर्चीवाला आम्हालाच धीर शिकवतो! ऑफिसातली माणसं दारात गोळा झाली. ताहेर म्हणाला, "बाई, असा मानूस मी बघितला न्हाई. गावासाटी काय भांडला!" मी म्हटलं, गावासाठीच भांडला, फक्त त्या दिवशी तो स्वतःही गावात होता. दुपारच्या आत दुसरा टँकर मंजूर झाला. इतके महिने कागदावरही न आलेली गोष्ट एका सकाळीत झाली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते काही उगाच नाही.

लग्न झालं. कोंडामावशीच्या दारात, चिंचेच्या सावलीत झालं. यशोधरा पांढऱ्या साडीत अशी दिसत होती की साहेबरावांनी तपासणी सोडून डोळे पुसले. त्रिशरण, पंचशील झालं, हार घातले, आणि पंगती बसल्या. पाटील थेट लातूरहून टँकरच्या पुढं जीप घालून आला होता. त्याचा फेटा धुळीनं लाल झाला होता. आल्या आल्या पाण्याचा जग उचलून तो पंगतीत शिरला. "पाणी घ्या, पावणं! लाजू नका. हाय, लई हाय!" उमरीचं वऱ्हाड पाणी पिऊन पिऊन जड झालं. एक म्हातारा म्हणाला, "आमच्याकडं जेवायचा आग्रह करतेत, इथं पाण्याचा आग्रह करून राहिले."

शेवटचा पाहुणा उठला. मग शेवटची पंगत बसली: आम्ही बायका, आचारी, ताहेर, आणि यजमान. पाटलापुढं पत्रावळ आली. पहाटेपासून पोटात काही नाही, ओठ सुकून फाटलेले. तरी त्याची जुनी सवय उसळी मारून वर आली.

"आज वार कोन्ता?" त्यानं इकडंतिकडं बघत विचारलं.

"बुधवार," कोंडामावशी भात वाढत म्हणाली. "आन् चतुर्थी परवाच झाली, पाटील. आज कोन्ताच देव तुमच्याकडून उपास मागत न्हाई."

पाटील भाताकडं पाहत राहिला. मग त्यानं शेजारचा गिलास उचलला, आमच्या रांजणातला, आणि घटाघटा रिकामा केला. दुसरा मागितला. तिसराही प्याला. मग जेवला, आणि चांगला जेवला. बुंदी दोनदा घेतली.

मला वाटलं, झालं, आता माणूस बदलला. मी जरा भोळीच. दोन दिवसांनी टँकर चावडीपाशी आला तेव्हा पाटील फेट्याशिवाय उभा होता. म्हणाला, "लगीन झालं, यजमानपण संपलं. आता पयल्यासारखं. आधी वर."

मी उखडले. त्या दिवशी राहून गेलेलं भाषण सगळं बाहेर आलं, हौदापासून जीपपर्यंत, आणि ते शेवटचं वाक्यसुद्धा. पाटलाची मान खाली वगैरे काही गेली नाही. तो म्हणाला, "बाई, पाणी वरून खाली येतं. तूच पोरास्नी शिकवतीस ना?"

तेव्हा पारूबाई आली. डोक्यावर पदर, हातात रिकामी बादली. नवऱ्याशी गावासमोर ती कधी बोलत नसे. घरात तिचं पुष्कळ बोलून होत असावं. ती ताहेरशी बोलली.

"ताहेर, वर आधी सोडत होतास तवा टँकर किती येत होते?"

"एक, पाटलीनबाई."

"आन् खाली आधी सोडला तवापासून?"

"दोन."

"मंग?" ती म्हणाली. "दोन दिस झाले, मला आधीपेक्षा जास्त पाणी मिळून राह्यलंय. खाली भरून, मधी भरून, मंग माझ्याकडं येतंय, तरी जास्त. कामून? तर हे शेवटी हायेत म्हनून. ह्यास्नी पयलं पाणी दिलं की हे बैठकीत जाऊन सांगतेत, अडचण न्हाई. ह्यास्नी तहानलेलं ठिवा. गावाला पाणी पायजे असंल तर ह्यास्नी तहानलेलं ठिवा." आणि उताराच्या वाटेकडं बोट दाखवून म्हणाली, "जा."

ताहेर गेला. पाटील तोंड उघडून उभा होता. माझं तोंडही बंद नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडं टँकर खालून सुरू होऊ लागला. मधल्या आळीतली साबेरा म्हणायची की तिच्या सासऱ्यालाही आता पाण्याची खात्री वाटू लागलीय, कारण आपल्या मागं पाटील उभा आहे. पाणी कमी पडलं तर शेपटाला पाटील, आणि शेपटाला पाटील असला की लातूरला जीप गेलीच. चिमणीची पिल्लं उडाल्यावर आम्ही तो नळ उपटून काढला आणि लोखंड विकलं.

पाटलाचंही बरंच झालं म्हणायचं. पुढच्या बैठकीत त्यानं उभं राहून सांगितलं, "आमच्या गावात सरपंच शेवटी पाणी घेतो. ही माझी योजना हाय." साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पेपरात फोटो आला. भीमनगरातली पोरं चिडली, म्हणाली, बाई, ह्यानं श्रेय चोरलं. मी म्हटलं, चोरू दे. त्याला श्रेय घेऊ दे, आपण पाणी घेऊ.

मृगाच्या तोंडावर यशोधरा पहिल्यांदा माहेरी आली. त्याच दिवशी एक टँकर वाटेत बंद पडला. दुसरा आला तो खाली आणि मधे संपला, वरच्या आळीला गेला नाही. पाटील ठरल्यासारखा लातूरला निघाला.

कोंडामावशीनं आपल्या वाट्यातलं थोडं थोडं पाणी लेकीसाठी राखून ठेवलं होतं. अंगणात पाट मांडून तिनं यशोधरेला बसवलं आणि तिच्या केसांना शिकेकाई लावली. लांब केस पोरीचे. या दोन वर्षांत आमच्यात कुणी डोक्यावरून धड आंघोळ केली नव्हती. ओला हात फिरवायचा आणि झालं म्हणायचं. मी पायरीवर बसून बघत होते. डोक्याला फेस झाला होता, यशोधरा डोळे मिटून हसत होती, आणि मावशीचे दोन्ही हात केसांत होते.

कुडाच्या पलीकडं पारूबाई उभी होती. काखेत घागर. एकटीच आली होती. तिच्या घरातली बाई भीमनगरातून पाणी आणायला या उतारावर कधी आली असेल असं मला वाटत नाही. ती आत यायची थांबली होती. आत बोलवायचं का, काय म्हणायचं, आम्हालाही सुचेना.

मावशीचे हात थांबले. रांजणात जेवढं पाणी होतं तेवढंच होतं. केस धुवायचे तर घागर भरत नव्हती, आणि घागर भरायची तर पोर तशीच फेसात बसायची. खरं सांगते, मी मनात म्हटलं, नको देऊस. आम्ही वाळूत वाट्या घासल्या तेव्हा ही कुठं होती? तो राग माझ्यात अजून आहे, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

"पाटलीनबाई, या," मावशी म्हणाली. "घागर ठिवा. देते."

पारूबाईनं घागर खाली ठेवली. यशोधरेकडं पाहिलं. "पयल्यांदा आली का?"

"हाव."

"मंग होऊ दे आधी तिचं," ती म्हणाली. "माझं मागून."

आणि अंगणात येऊन तिनं रांजणाजवळचा तांब्या उचलला. मावशीचे हात फेसात होते ना. रांजणात तांब्या बुडवून तिनं यशोधरेच्या डोक्यावर पाणी धरलं, दुसऱ्या हातानं पोरीचे डोळे झाकले, आणि सावकाश, थेंब वाया जाऊ न देता, ओतत राहिली.